तमारा इवानोव्नाचं भाडं

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्यातली मराठी मंडळी अच्युत बुधकरांना 'रशियन बुधकर' म्हणत. दुसरे एक बुधकर स्टोअर्समध्ये होते. ते नुसतेच बुधकर.

अच्युत बुधकर मूळचे उज्जैनचे. आयटीआय करून भोपाळला कारखान्यात लागले आणि टर्बाइनचे रोटर तोलण्याच्या विभागात तंत्रज्ञ झाले. १९९२ साली कारखान्याने चार जणांना दहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी रशियात पाठवलं, त्यांत त्यांचं नाव निघालं. मॉस्को नव्हे, पेन्झा. नकाशात बोट फिरवत शोधावं लागतं असं गाव. पण टाउनशिपला त्याचं काय? रशिया तो रशिया.

परत आल्यापासून गणपतीच्या दहा दिवसांत मंडळ त्यांना एकदा तरी उभं करी. विषय ठरलेला, 'रशियातले दहा महिने'. बर्फ, ट्रॉलीबस, वर्तमानपत्र कोंबलेले बूट, खिडकीच्या दोन काचांमध्ये ठेवलेलं दही. लोक हसत. पण टाळी पडे ती शेवटी. बुधकर छातीवर हात ठेवून म्हणत, "परदेशात राहायला पैसा लागत नाही, अक्कल लागते. मी भत्त्यातला निम्म्याहून जास्त वाचवून आणला. त्यातून अवधपुरीत प्लॉट घेतला."

प्लॉटवर पुढे घर झालं. बुधकर स्वतः कंपनीच्या क्वार्टरमध्येच राहत आणि घर भाड्याने देत. दर अकरा महिन्यांनी करार नवा होई, भाडं दहा टक्क्यांनी वाढे. त्यात ते कधी चुकले नाहीत.

२००६ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी केशव पारखी सहकुटुंब त्यांच्या दारात उभे राहिले. पारखी भविष्यनिर्वाह निधीच्या विभागात कारकून, मागच्याच गल्लीत क्वार्टर. बरोबर पत्नी वासंतीबाई आणि मुलगी कांचन. पारख्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"बुधकर, तोंड गोड करा. कांचनला मेडिकलला सीट मिळाली. कुठं, ओळखा."

"इंदूर?"

"पेन्झा!"

बुधकरांच्या हातातला पेढा तिथेच थांबला. सुमित्राबाई, त्यांच्या पत्नी, आतून धावत आल्या आणि कांचनच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडू लागल्या.

"पीएमटीमध्ये रँक नाही आली ना काका," कांचन म्हणाली. "एजंटकडे चार शहरांची लिस्ट होती. मी म्हटलं, पेन्झाच. मतलब, तिथे आपलं कुणी राहून आलंय."

पारखींनी खुर्ची पुढे ओढली. "फीचं जमवलं. फंडातून काढतोय. प्रश्न राहण्याचा. वसतिगृहाचे पैसे वर्षाचे आगाऊ मागतात. मी हिला म्हटलं, आपल्याकडे जाणता माणूस बसलाय. बुधकर, तुम्ही जिच्याकडे राहत होतात ती म्हातारी आहे का अजून? तिला एक पत्र टाका की. पोरगी घरात राहील, घरचं खाईल. तुम्ही जेवढ्यात राहिलात तेवढ्यात हिचं भागलं तर आमची नौका पार."

"म्हातारी गेली असेल हो आता," बुधकर म्हणाले. "तेव्हाच साठीची होती."

"म्हणजे आता सत्तरीची. लगेच कशाला मारताय तिला?" वासंतीबाई म्हणाल्या आणि सगळे हसले.

"पत्ता आहे ना तुमच्याकडे?" पारखींनी विचारलं.

"शोधावा लागेल."

"शोधायचा कशाला?" सुमित्राबाई म्हणाल्या. "कार्डं आहेत की तिची. नव्या वर्षाची तीन कार्डं आली होती. मी जपून ठेवलीत." आणि त्या कपाटाकडे गेल्यासुद्धा.

त्या तिन्ही कार्डांना बुधकरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. हे सुमित्राबाईंना ठाऊक होतं. का नाही पाठवलं, हे ठाऊक नव्हतं.

*

१९९२ मध्ये पेन्झाला उतरले तेव्हा चौघा प्रशिक्षणार्थींची सोय गावाबाहेरच्या एका वसतिगृहात होती. त्याचं भाडं भत्त्यातून कापलं जाई. भत्ता डॉलरमध्ये, ठरलेला, वाचेल तो आपला. खाणं कारखान्याच्या कँटीनमध्ये. बुधकर शाकाहारी. सुमित्राबाईंनी दिलेलं मेतकूट, भाजणी आणि मुगाची डाळ महिनाभरात तळाला आली. मग काळा पाव आणि बटाटे. सूपमध्ये मांस नाही ना, हे विचारायचं रशियन वाक्य त्यांनी सगळ्यांत आधी पाठ केलं. त्याचा उपयोग झाला नाही. वाढणारी बाई म्हणे, मांस नाही, थोडंसं डुक्कर आहे.

कारखान्यातल्या एका बाईने त्यांना तमारा इवानोव्नाचा पत्ता दिला. ती घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. नवरा गेलेला, मुलगा सैबेरियाच्याही पलीकडे. पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यातली मोठी तिने बुधकरांना दिली, स्वतः लहान खोलीत गेली. चौकटीच्या वहीच्या पानावर तिने आकडा लिहिला. दोन हजार रूबल महिना. बुधकरांनी मान हलवली. वसतिगृहाच्या मानाने ते फारच स्वस्त होतं. तेव्हाच्या भावाने त्या पैशांत तिचं महिन्याचं दूध, लोणी आणि पाव होत असे.

जेवणाचं वेगळं काही ठरलं नव्हतं. पण एकटीसाठी काय शिजवायचं, म्हणून ती दोघांचं करी. बिनमांसाचं बीटाचं सूप, कोबी, जंगलातून स्वतः वेचून खारवलेल्या अळंब्या. ती त्यांना 'अचूशा' म्हणे. ताट पुढे ठेवून समोर बसे. पानात काही टाकू नये, हे बुधकरांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. ते ताट पुसून घेत. रिकामं ताट दिसलं की पाहुणा अजून भुकेला आहे, असं तमारा इवानोव्ना समजे आणि पुन्हा वाढी. ते पुन्हा पुसून घेत.

इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

पण त्या हिवाळ्यात रूबल उतरणीला लागला होता. दर आठवड्याला पावाची किंमत वेगळी. बुधकरांचं त्याकडे लक्ष गेलं नाही, कारण त्यांच्याकडे डॉलर होते. लागतील तेवढेच मोडायचे. आणि भाड्याचं म्हणाल, तर भाडं वाढतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. भोपाळला क्वार्टरचं भाडं पगारातून परस्पर कापलं जाई. पगारपत्रकाच्या तळाला एक बारीकसा आकडा असे. पगार वाढला, महागाईभत्ता वाढला, मुलं मोठी झाली, तरी तो आकडा हलत नसे. टाउनशिपमध्ये राहणाऱ्या कुणालाच भाडं ही वाढणारी गोष्ट वाटत नव्हती. तेव्हा पहिल्या तारखेला दोन हजार रूबल टेबलावर ठेवायचे, एवढं बुधकर नेमाने करत. ती न मोजता ते डब्यात टाकी.

डिसेंबरात ट्रॉलीबसमध्ये शांताराम वाघ भेटला. तो चौघांतलाच, तोही एका बाईकडे खोली घेऊन राहत होता.

"तू किती देतोस रे?" वाघने विचारलं.

"दोन हजार."

"अजून?" वाघ मोठ्याने हसला. गाडीतले लोक वळून बघायला लागले. "अरे, माझी म्हातारी दर पहिल्याला वाढवते. आता सरळ डॉलरच मागते. तुझी काही बोलत नाही?"

"नाही."

"दोन हजारात काय येतं ठाऊक आहे का आता? बुधकर, तुझी लॉटरी लागली. गप्प बस."

बुधकर गप्प बसले.

त्या संध्याकाळी जिना चढताना त्यांनी ठरवलं होतं की आज विषय काढायचा. दार उघडलं तर बटाट्याचा खमंग वास आला. जेवण झाल्यावर काढू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. जेवण झालं. मग म्हटलं, पहिल्या तारखेला. पहिली तारीख आली, त्यांनी दोन हजार रूबल ठेवले, आणि ती काही बोलते का हे पाहत उभे राहिले. ती बोलली नाही. दिलेला शब्द तिने फिरवला नाही. फेब्रुवारीत ते पाहत उभेही राहिले नाहीत. पैसे ठेवले आणि कामाला गेले.

मार्चमध्ये एका रविवारी ते स्टेशनाकडे गेले. तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका रांगेत उभ्या असत, हातात घरातली एकेक वस्तू धरून. बूट, चमचे, पडदे. ओरडणं नाही, हाका नाहीत, नुसतं धरून उभं राहायचं. त्या रांगेत तमारा इवानोव्ना होती. तिच्या हातावर बुधकरांच्या खोलीतल्या टेबलाचा भरतकाम केलेला टेबलक्लॉथ होता. तो चार दिवसांपूर्वी तिने धुवायला म्हणून नेला होता.

बुधकर थबकले. तिने पाहिलं. नक्की पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि टेबलक्लॉथची घडी नीट करू लागली.

बुधकर मागे वळले.

त्या रात्री तिने बटाटे आणि अळंब्या केल्या होत्या. तिने दोनदा वाढलं. बुधकरांनी दोन्ही वेळा ताट पुसून घेतलं.

जूनमध्ये निघायची वेळ आली. सामान दाराशी. तमारा इवानोव्नाने त्यांना हाताने खाली बसवलं आणि स्वतः समोर बसली. त्यांच्याकडे रीत आहे, प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर न बोलता बसायचं. बुधकरांच्या शर्टाखाली कापडी पट्टा होता, त्यात शंभर-शंभर डॉलरच्या नोटा. बसल्यावर तो पोटाला रुतत होता. मिनिट बरंच लांबलं. त्यातल्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या असत्या तरी तिचं वर्षभराचं भागलं असतं. हे त्यांना त्या मिनिटात अगदी लख्ख ठाऊक होतं.

आधी उठले ते बुधकरच.

तिने सुमित्राबाईंसाठी मुरंब्याची बरणी दिली होती. वजन जास्त भरलं म्हणून ती मॉस्कोच्या विमानतळावर सोडली.

*

पत्र टाकायची वेळच आली नाही. इंदूरचा हेमंत नावाचा मुलगा पेन्झाला तिसऱ्या वर्षात होता, एजंटने कांचनला त्याचा ईमेल दिलेला. तिने कार्डावरचा पत्ता त्याला कळवला. आठ दिवसांत उत्तर आलं. पारखी ते छापून घेऊन धावतच आले.

"वाच, कांचन, वाच!"

कांचन वाचू लागली. हेमंतने हिंदीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. आजी जिवंत आहेत. एकट्याच असतात. गुडघे दुखतात, पण चौथा मजला चढतात. भोपाळचं नाव काढल्याबरोबर रडायला लागल्या. अचूशा कसा आहे, विचारत होत्या. मुलीला खुशाल पाठवा म्हणाल्या. भाडं घेणार नाही.

"भाडं घेणार नाही!" पारखी म्हणाले. "ऐकलंत?"

"पुढे ऐका ना पापा," कांचन म्हणाली आणि वाचत राहिली. "मी त्यांना म्हटलं, आजी, तुम्हाला पेन्शन किती, फुकट कशाला ठेवता? तर म्हणाल्या, अचूशाकडूनही मी फार कमी घेतलं. त्या बिचाऱ्याला आमच्या पैशाचं काही कळत नव्हतं. परदेशी माणूस, सरळ माणूस. त्याला कळलं असतं तर त्याने मला उपाशी ठेवलं नसतं."

सुमित्राबाईंनी पदराने डोळे पुसले. "किती जीव लावला बघा हो तुम्हाला."

बुधकर उठून पाणी प्यायला आत गेले. पेला भरला, प्यायले नाहीत. बाहेर पारखींचा आवाज येत होता. "वसतिगृहाचे पैसे भरायची शेवटची तारीख शनिवार. आता भरायची गरजच नाही. खाण्याचंही ती बघेल, म्हातारी माणसं करतातच कौतुकाने. दरमहा हिला थोडे हातखर्चाला पाठवले की झालं. बुधकरांची पद्धत!"

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बुधकरांनी एक रोटर दोनदा तोलला आणि दोन्ही वेळा आकडा चुकीचा लिहिला. साहेबाने विचारलं, तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, बरी आहे.

घरी आल्यावर त्यांनी सुमित्राबाईंना सांगितलं. सगळं नाही. भाड्याचं सांगितलं, वाघचं सांगितलं. बाजाराचं सांगितलं नाही.

सुमित्राबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"डिसेंबरापासून."

त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "आता ते कुणाला सांगून काय मिळणार आहे? ती बाई तुम्हाला चांगलं म्हणतेय. मंडळातले लोक चांगलं म्हणतायत. झालं ते झालं."

"झालं ते झालं नाही. कांचन तिथे जाऊन पुन्हा तेच करणार आहे."

"मग केशवरावांना म्हणावं, भाडं द्या. एवढंच सांगा. तुमचं स्वतःचं कशाला सांगता?"

शुक्रवारी बुधकरांनी तसंच करून पाहिलं. पारखींच्या क्वार्टरमध्ये चहा पुढे आला आणि ते म्हणाले, "केशवराव, भाडं द्या तिला. बाजारभावाने."

"अहो, ती नको म्हणतेय ना! जबरदस्ती करायची का?"

"ती नकोच म्हणणार. तिला पेन्शनीत भागत नसेल."

"बुधकर," पारखींनी बशी खाली ठेवली, "तुम्ही राहिलात तेव्हा भागत होतं का तिचं?"

वासंतीबाई दारातच थांबल्या. कांचन बॅगेत पुस्तकं भरत होती, तिने वर पाहिलं.

"नव्हतं भागत," बुधकर म्हणाले. "मला ठाऊक होतं. मी मुद्दाम गप्प बसलो. ती समजते ते खोटं आहे. अवधपुरीचा प्लॉट त्यातूनच आला."

पारखी हसले. ते हसणं बरं नव्हतं.

"वा. वा, बुधकर. दहा वर्षं आम्हाला स्टेजवरून शिकवलंत, अक्कल लागते म्हणून. तुम्ही वाचवलंत, प्लॉट घेतलात, मजले चढवलेत. आता आमची पाळी आली तर तुम्हाला माणुसकी आठवली?"

"केशवराव, ऐका..."

"काय ऐकू? मी कारकून आहे. फंड सगळा उपसलाय. उद्या शनिवार. आता वसतिगृहाचे पैसे कुठून आणू ते सांगा."

"मी देतो."

"तुमचे?" पारखी उठून उभे राहिले. "ते पैसे तर त्या बाईचे आहेत. आत्ता तुम्हीच म्हणालात."

चहावर साय धरली होती.

कांचनने बॅगेची चेन ओढली. "पापा, एक मिनिट. आजीलाच विचारू ना. हेमंतने फोननंबर दिलाय. काकांना रशियन येतं, ते बोलतील. जे खरं आहे ते सांगतील, मग ती जे म्हणेल ते. फुकट म्हणाली तर फुकट, नाही म्हणाली तर मी एक वर्ष थांबते. सही आहे ना?"

"वर्ष कशाला थांबायचं?" वासंतीबाई एकदम म्हणाल्या. "माझ्या पाटल्या आहेत."

"उद्या सकाळी पिपलानीच्या बूथवरून लावू," कांचन म्हणाली. ती बुधकरांकडे बघत नव्हती.

*

शनिवारी साडेअकरा वाजता पाचही जण पिपलानीच्या बाजारातल्या फोनच्या बूथवर जमले. पेन्झात तेव्हा सकाळचे दहा. काचेच्या खोपट्यात एकच माणूस मावत होता. बुधकर आत गेले. दार नीट लागत नव्हतं. पारखी बाहेर मीटरवर डोळे लावून उभे.

तेरा वर्षांत बुधकरांचं रशियन गंजलं होतं. यंत्रांच्या भागांची नावं आठवत होती, खाण्याचे शब्द आठवत होते. रात्रभर त्यांनी चार वाक्यं जुळवली होती.

"तमारा इवानोव्ना? मी अच्युत. भोपाळहून."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला. मग ती किंचाळलीच. "अचूशा! जेवलास का?" आणि मग ती बोलतच सुटली. त्यांना निम्मं कळलं. मुलीने बूट तिकडून आणू नयेत, तिकडचे इथे टिकत नाहीत. गेल्या वर्षी खिडकी बदलली. खोली तीच आहे.

"तमारा इवानोव्ना, भाडं."

"कसलं भाडं! वेडा आहेस का?"

"तेव्हाचं भाडं." त्यांनी जुळवलेली वाक्यं एकामागून एक म्हटली. "रूबल पडत होता. मला ठाऊक होतं. डिसेंबरापासून ठाऊक होतं. मी गप्प बसलो."

मीटर टिकटिकत होता.

"डिसेंबरापासून," ती म्हणाली.

"हो."

"आणि बाजारात?"

"बाजारात मी पाहिलं. तुम्हाला पाहिलं. मी मागे फिरलो."

बुधकरांना वाटलं, फोन कटला. मग तिचा आवाज आला, हळू आणि अगदी स्पष्ट, परदेशी माणसाला कळावं म्हणून ती पूर्वी बोलायची तसा.

"मला वाटलं, आपण का उभे आहोत तेच तुला कळलं नसेल. तुमच्याकडे बायका कशाला उभ्या राहतील अशा. शेजारची ल्यूबा म्हणायची, तो तुला लुबाडतोय. मी तिच्याशी भांडले. मी म्हटलं, तो लहान मुलासारखा आहे, ताट पुसून जेवतो. त्यानंतर मी ल्यूबाशी कधी बोललेच नाही. गेल्या हिवाळ्यात ती मेली."

बुधकरांनी काचेला हात टेकला.

"मी पैसे पाठवतो," ते म्हणाले. "मुलीबरोबर."

"नको. मुलीबरोबर काहीही पाठवू नकोस." ती थांबली. "मुलगी येऊ दे. तिने काही केलेलं नाही. पण भाडं घेईन. पूर्ण घेईन. दर पहिल्या तारखेला जे चालू असेल ते सांगेन. जेवण वेगळं. नीट सांग तिच्या वडिलांना."

"सांगतो."

"मग झालं," तमारा इवानोव्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधकर बाहेर आले. चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"खोली देते म्हणाली. भाडं पूर्ण. जेवणाचे वेगळे. दर महिन्याला ती सांगेल तेवढे."

"किती होतील?" पारखींनी विचारलं.

"वसतिगृहापेक्षा थोडं कमीच असेल."

पारखींनी मान हलवली. त्यांनी मनात काहीतरी मांडून पाहिलं असावं. आगाऊ काही नाही, महिन्याच्या महिन्याला. जमण्यासारखं होतं. वासंतीबाईंनी उगाच हातातल्या पाटल्या मागे सारल्या. बूथवाल्याने पावती फाडली. बुधकरांनी खिशात हात घातला.

"राहू द्या," पारखी म्हणाले. "फोन आमच्या कामाचा होता." आणि त्यांनी नोट पुढे केली. कांचन निघताना "येते काका" म्हणाली. रोज म्हणायची तसंच म्हणाली, फक्त थांबली नाही.

सुमित्राबाई स्कूटरपाशी उभ्या होत्या. बुधकरांनी किल्ली लावली.

"आत बाजार, बाजार काय म्हणत होतात?" त्यांनी विचारलं. "तेवढा एकच शब्द आपल्यासारखा होता, तो कळला मला."

स्कूटर सुरू न करता बुधकरांनी सांगितलं. रांग सांगितली, टेबलक्लॉथ सांगितला. तिने पाहिलं तेही सांगितलं.

"आणि तुम्ही परत फिरलात."

"हो."

"रात्री जेवलात तिच्याकडे?"

"जेवलो."

सुमित्राबाईंनी पदर खोचला. "मी चालत येते," त्या म्हणाल्या आणि बरखेड्याच्या रस्त्याला लागल्या.

ऊन चांगलंच चढलं होतं. बुधकरांनी किल्ली काढून खिशात टाकली, आणि स्कूटर ढकलत दहा पावलं अंतर ठेवून त्यांच्या मागून निघाले.